एकशे ऐंशी बाथ

माझी मागणी फार मोठी नव्हती. परदेशात उतरल्यावर हॉटेलपर्यंत पोहोचता येईल एवढे तिथले पैसे हातात असावेत, बस. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात जाणाऱ्या रेल्वेचं तिकीट अंतराप्रमाणे १५ ते ४५ बाथ आहे. आम्ही चौघं. अगदी शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो तरी १८० बाथ, म्हणजे साधारण पाचशे रुपये. पुण्यात एवढ्यात चौघांची मिसळ होते आणि चहा राहून जातो. या रकमेसाठी दोन देशांच्या बँका, एक मोबाइल कंपनी, अमेरिकेचं सरकार आणि माझे मेहुणे यांनी मिळून जी व्यवस्था उभी केली आहे, तिच्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

मेहुण्यांपासून सुरुवात करतो, कारण आमच्या घरातल्या कुठल्याही प्रवासाची सुरुवात त्यांच्यापासूनच होते. ते बँकॉकला जाऊन आले आहेत. बँकॉकला जाऊन आलेला माणूस तिथली देवळं, नदी आणि जेवण यांवर मिळून दोन वाक्यं बोलतो आणि पैसे कुठे बदलले यावर अर्धा तास. "भावोजी, एकच लक्षात ठेवा," ते म्हणाले, "वरच्या मजल्यावर एक डॉलरसुद्धा मोडायचा नाही. सरळ तळघरात जायचं, रेल्वे स्टेशनापाशी. नारिंगी पाटी." हे मी ऑफिसात सांगितलं, तर तिथे हिरव्या पाटीचा एक गट निघाला. दोन्ही गटांच्या म्हणण्यानुसार दुसऱ्या पाटीकडे जाणारी माणसं लुबाडली जातात. दोन दुकानांच्या भावातला फरक मी पुढे पाहिला. डॉलरमागे पाच सतांग होता. शंभर सतांगांचा एक बाथ. तीनशे डॉलर मोडले तर १५ बाथ, म्हणजे चाळीस रुपये. एवढ्या अंतरावरून दोन सुशिक्षित माणसं अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

निघताना मेहुण्यांनी मला एक प्लॅस्टिकची डबी दिली. त्यांच्या सहलीतून उरलेली नाणी. परदेशी नोटा परत विकता येतात, नाणी कोणी घेत नाही, त्यामुळे परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक डबी असते आणि ती पुढच्या जाणाऱ्याच्या हातात आशीर्वाद म्हणून ठेवली जाते. मी विमानात उघडून पाहिली. मलेशियाची सेन, श्रीलंकेचे रुपये, एक बटण आणि ३७ बाथ. एका तिकिटालाही आठ कमी.

तुम्ही म्हणाल, पुण्यातूनच बाथ घेऊन जायचे. मीही तेच म्हणत होतो. पैसे बदलणाऱ्याच्या दुकानात गेलो. पासपोर्ट दिला, पॅन कार्ड दिलं, तिकीट दाखवलं, ए-टू नावाच्या फॉर्मवर सह्या केल्या. माझा हेतू सहलीचा आहे, हे मी सरकारला लिहून दिलं. मग दुकानदार म्हणाला, "बाथ आहेत थोडे, पण भाव परवडणार नाही तुम्हाला. सगळे डॉलरच नेतात." सगळे नेतात म्हटल्यावर मराठी माणूस पुढे काही विचारत नाही. तेव्हा इथे रुपयांचे डॉलर करायचे आणि तिथे डॉलरचे बाथ. दोन्ही वेळा मधला माणूस आपला वाटा काढून ठेवणार. दोन्हीकडे भिंतीवर पाटी एकच: कमिशन नाही.

ही पाटी खोटी नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. कमिशन खरोखरच घेत नाहीत. फलकावर दोन रकाने असतात, एक आम्ही घेतो त्या भावाचा, एक आम्ही देतो त्या भावाचा, आणि या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत त्यांचं भाडं, वीज, पगार आणि मुलांची शिक्षणं सगळं बसतं. वर कर वेगळा. लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही दुकानदाराच्या सेवेची किंमत मानायची, ती २५० रुपयांच्या खाली धरायची नाही, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे कोणी दहा डॉलर घेतले तरी ४५ रुपये कर. सेवा कसली, तर नोटा मोजून देण्याची. त्या मी लगेच पुन्हा मोजल्या. त्याचं मला कोणी काही दिलं नाही.

याबद्दल घरात कुरकुर करायची सोय नाही, कारण मुलुंडचे काका. ते साठच्या दशकात अमेरिकेला गेले, तेव्हा हातात आठ डॉलर होते. परकीय चलनाची टंचाई होती, देश सोडण्याआधी रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म मंजूर व्हावा लागे, आणि मिळत तेवढेच मिळत. त्या वर्षांत गेलेल्या प्रत्येकाकडे आठच डॉलर होते आणि ते प्रत्येकाने आजतागायत पुरवले आहेत. आता एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येतात. नियम सैल झाले, तशी तक्रार करायची मुभा गेली. काकांसमोर "भाव बरोबर मिळाला नाही" असं म्हणून पाहा. ते काही बोलत नाहीत. नुसते आठ बोटं दाखवतात.

आम्ही पहाटे उतरलो. मुंबईहून जाणारी विमानं पुष्कळदा भल्या पहाटे नेऊन सोडतात, ज्या वेळी माणसाची आकडेमोड सर्वात कच्ची असते. इमिग्रेशन सुरळीत झालं. २०२३ च्या नोव्हेंबरापासून भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागत नाही, ही मी या लेखात करणार असलेली एकमेव स्तुती. त्याआधी तिथे पोहोचल्यावर व्हिसा घ्यावा लागे. त्याची फी २,००० बाथ, रोख, आणि बाथच. इमिग्रेशनच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे बाथ कुठून येणार, याचा विचार कोणीतरी केला होता आणि तिथेच पैसे बदलायची खिडकी ठेवली होती. तळघरातल्या नारिंगी पाटीकडे जायचं तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, इमिग्रेशनसाठी व्हिसा, व्हिसासाठी बाथ. त्या खिडकीतला माणूस भावाबद्दल कोणाशी घासाघीस करत बसत नसे.

बाहेर आलं की दुसऱ्या मजल्यावर, आगमनाच्या दालनात, बँकांच्या खिडक्या ओळीने लागतात. रंग वेगवेगळे, गणवेश वेगवेगळे, बँका वेगवेगळ्या. भाव पाहिला तर फरक शोधावा लागतो. याला स्पर्धा म्हणतात. तळघरातल्या भावापेक्षा हे डॉलरमागे बाथ-दीड बाथ कमी देतात, आणि ते का, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. विमानतळावरच्या जागेचं भाडं जबर असतं, दिवसरात्र माणूस बसवावा लागतो, आणि समोरचा गिऱ्हाईक दमलेला असून त्याच्याकडे तिथलं एकही नाणं नाही हे दोघांनाही माहीत असतं. फलकावर आपला रुपयाही होता. खाली, झेंड्यासकट. त्याच्यासमोरचा आकडा मी मुलांना दाखवला नाही.

डॉलर मात्र त्या फलकावर तीन जातींचे होते. पन्नास आणि शंभरची नोट असेल तर सर्वात चांगला भाव. पाच ते वीसच्या नोटांना त्याहून कमी. एक आणि दोनच्या नोटांना सर्वात कमी. डॉलर तोच, बँक तीच, खिडकीतली मुलगी तीच. आपल्याकडे अमेरिकेतले नातेवाईक लग्नामुंजीत ५१ किंवा १०१ डॉलरचं पाकीट देतात. त्यातला जो एक डॉलर शुभ म्हणून वर ठेवलेला असतो, तो इथे सर्वात पडेल भावाने जातो. न्यू जर्सीकरांनी याची नोंद घ्यावी.

"फक्त गाडीभाड्यापुरते इथे मोडू या," बायको म्हणाली. "दादाला सांगायचं नाही." तिने पर्समधून शंभराची एक नोट काढली. तिच्या मामेबहिणीने कधीतरी दिलेली ही नोट दर दिवाळीत आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला पाटावर असते. खिडकीतल्या मुलीने ती हातात घेतली, दिव्यासमोर धरली, उलटी केली, सुलटी केली आणि थांबली. बेंजामिन फ्रँकलिनच्या कपाळावर, नेमक्या जागी, हळदकुंकू होतं. तिने शेजारच्या मुलीला बोलावलं. दोघींनी त्यांना बराच वेळ पाहिलं. मग तिने ती नोट दोन्ही हातांनी परत केली, मान लववली आणि हसून नाही म्हणाली.

अमेरिकेच्या सरकारचं म्हणणं असं, की १८६१ पासून काढलेली आमची प्रत्येक नोट पूर्ण किमतीला चालते. हे विधान सरकारी आहे, खरं आहे आणि अमेरिकेत बसून केलेलं आहे. बाहेरच्या जगात डॉलरच्या नोटेला सून म्हणून पसंत करावं तसं पाहतात. घडी चालत नाही, शाई चालत नाही, शिक्का चालत नाही, कोपरा दुमडलेला चालत नाही, फार जुनी असली तर भाव कमी. ज्या देशात सरकारने सांगूनही लोक नोटांवर हिशेब लिहितात, तिथल्या माणसाकडून इतक्या कोऱ्या नोटेची अपेक्षा ठेवणं मला तरी अवाजवी वाटतं. शिवाय कुंकवाने नोटेची किंमत कमी होते, हे बायकोला परदेशात, सकाळच्या वेळी, मी समजावून सांगावं अशी खिडकीतल्या मुलीची अपेक्षा होती. मी ते मेहुण्यांवर सोडलं.

मग तळघर. नारिंगी पाटी दिसली. शटर अर्धं खाली होतं आणि आतून कोणीतरी झाडत होतं. हिरवी पाटीही दिसली, तिचं शटर पूर्ण खाली होतं, म्हणजे एका अर्थाने नारिंगी गटाचा विजय झाला. फलकांवर आदल्या दिवशीचे भाव तेवढे उजळत होते. ते पाच सतांग मी तेव्हाच पाहिले. विमानतळाच्या वायफायवरून मेहुण्यांना फोन लावला. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे पुण्यात अजून काळोख होता. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. "शटर उघडेल," ते म्हणाले. "थांबा. वर जाऊ नका." त्यांच्या आवाजात झोपेचा मागमूस नव्हता. माझा संशय आहे की ते त्या फोनची वाट पाहत जागेच होते.

आम्ही थांबलो. समोर एका स्टॉलवर कॉफी आणि पाव होते आणि काउंटरवर क्यूआर कोडचा चौकोन होता. हा चौकोन पाहून मुलाचा चेहरा उजळला, कारण त्याच्या पिढीने पाकीट पाहिलेलं नाही. त्याने फोन पुढे केला. ॲपने चौकोन ओळखला नाही. थायलंडची पद्धत प्रॉम्प्टपे नावाची. ती २०२१ मध्ये सिंगापूरच्या पेनाऊशी जोडली गेली. आपलं यूपीआय २०२३ मध्ये त्याच पेनाऊशी जोडलं गेलं. म्हणजे सिंगापूरला दोघंही ओळखतात, सिंगापूरशी दोघांचंही बरं आहे, पण एकमेकांशी बोलणं नाही. पाव राहिला. पुण्यात मला केळीवाला रोख घेत नाही, सुटे नाहीत म्हणून. इथे कॉफीवाली फोन घेत नव्हती. दोन्ही ठिकाणी चूक मीच करतोय असं समोरच्याच्या चेहऱ्यावर होतं.

ही तक्रार करणारा मी पहिला नाही, आणि यात मला थोडा आधार वाटतो. अमेरिकन एक्सप्रेसचे अध्यक्ष जे. सी. फार्गो १८९० च्या सुमारास युरोपात फिरायला गेले. बरोबर लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे हा माणूस पैसेवाला आहे असं सांगणारं पत्र. मोठी शहरं सोडली तर त्या पत्रावर कोणी पैसे देईना. ते भडकून परत आले आणि म्हणाले, कंपनीच्या अध्यक्षाचे हे हाल, तर साध्या प्रवाशाचं काय होत असेल? मार्सेलस बेरी नावाच्या त्यांच्या कर्मचाऱ्याने १८९१ मध्ये ट्रॅव्हलर्स चेक काढला. निघण्याआधी एक सही, वटवताना दुसरी, दोन्ही जुळल्या की पैसे. शंभर वर्षं जगाने तो वापरला. फरक एवढाच, की फार्गो तक्रार घेऊन घरी आले तेव्हा त्यांच्या हाताखाली बेरी होता. माझ्याकडे मेहुणे आहेत.

शेवटी एटीएम. माझं कार्ड घातलं. यंत्राने ते आत घेतलं, विचार केला आणि परत दिलं. आपल्या कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, नवं कार्ड देशापुरतंच चालू, बाहेर वापरायचं तर आपण सुरू करायचं. नियम चांगला आहे. मी निघण्याआधी सुरू केलंही होतं. माझ्या बँकेच्या ॲपने ते माझ्या सुरक्षिततेसाठी पुन्हा बंद केलं होतं. सुरू करायला ओटीपी लागतो. ओटीपी माझ्या भारतातल्या नंबरवर येतो. त्यासाठी रोमिंग हवं. रोमिंगचा पॅक घ्यायचा तर पैसे भरायचे, आणि पैसे भरताना बँक ओटीपी मागते. मी या साखळीकडे मोकळ्या मनाने पाहिलं. तिच्यात कुठेही कोणाची चूक नाही. प्रत्येक कडीवर माझं रक्षणच चाललं होतं.

बायकोचं कार्ड चाललं. मग पडद्यावर एक सूचना आली: या व्यवहाराचं शुल्क २२० बाथ. परदेशी कार्डाला तिथे हे भरावंच लागतं, काढा पाचशे नाही तर दहा हजार. काही बँका आता याहून जास्त घेतात. मला १८० हवे होते. ते मिळवण्याचे २२०.

पुढच्या पडद्यावर आणखी एक प्रश्न. तुमच्या सोयीसाठी आम्ही ही रक्कम रुपयांत सांगतो, हा भाव, मान्य आहे? खाली दोन बटणं. एकावर 'रूपांतर स्वीकारा', दुसऱ्यावर 'रूपांतर नाकारा'. मागे चारजणांची रांग, हातात पासपोर्ट, अंगात रात्रीचं विमान. अशा वेळी 'नाकारा' दाबायला छाती लागते, कारण सगळा व्यवहारच रद्द होऊन कार्ड आत राहील असं वाटतं. तसं काही होत नाही. 'स्वीकारा' म्हटलं की रुपयाचा भाव ते यंत्रवाले ठरवतात आणि त्यात आपला हिस्सा घालतात. 'नाकारा' म्हटलं की हिशेब बाथमध्येच कार्ड कंपनीकडे जातो, तिचा भाव बाजाराच्या जवळ असतो, आणि त्यावर आपली बँक साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत आकारणी आणि तिच्यावरचा जीएसटी लावते. दोन्हीकडून खर्च आहेच, पण नाकारण्यात कमी आहे. नाकारलं तरी पैसे मिळतात, एवढं एक वाक्य त्या पडद्यावर लिहायला जागा भरपूर होती.

आता २२० द्यायचेच आहेत, तर १८० कशाला काढायचे? मोठी रक्कम काढली की शुल्क अंगावर कमी येतं. हा विचार तिथे उभा असलेला प्रत्येक जण करतो, आणि यंत्राला तो माहीत असावा. दहा हजार मागितले की ते हजाराच्या दहा कोऱ्या नोटा देतं. माझ्या पुढच्या कुटुंबाने तेच केलं. भाषेवरून नागपूरकडचे. त्यांच्याकडे दहा हजार बाथ होते आणि तिकिटाच्या यंत्रात घालता येईल असं काही नव्हतं. टॅक्सीत बसावं तर मीटर ३५ बाथपासून सुरू होतो, विमानतळाचे वर ५०, हमरस्त्याचा टोल प्रवाशाकडे, आणि हजाराची नोट पुढे केली की चालकाकडे सुटे कधीच नसतात. हे जगातल्या सगळ्या टॅक्सीवाल्यांनी कुठल्या अधिवेशनात ठरवलं, ते एकदा शोधून काढायला हवं.

बायकोने यंत्राकडे पाहिलं, त्या कुटुंबाकडे पाहिलं आणि आकडा स्वतः दाबला. हजाराच्या नऊ, पाचशेची एक आणि शंभराच्या चार नोटा बाहेर आल्या. तिकिटं निघाली, गाडी मिळाली. नारिंगी शटर आम्ही निघालो तेव्हा अजून अर्धंच होतं.

तुम्ही जाणार असाल तर मेहुण्यांचं ऐका, ऑफिसातल्यांचं ऐका, काकांची आठ बोटंही पाहून घ्या. पूजेची नोट घरी ठेवा. एटीएमवर 'रूपांतर नाकारा' दाबा. आणि १०,००० मागू नका, ९,९०० मागा.